एवढंसं काळीज

चार्ल्स डार्विननं नोथुरा नावाच्या पक्ष्याला सरळ खुळा ठरवून टाकलंय. साल १८३३, मुक्काम माल्दोनादो, म्हणजे आजच्या उरुग्वेचा दक्षिण किनारा. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि 'बीगल' जहाज सोडून दहा आठवडे जमिनीवर राहिला होता. एवढ्या दिवसांत त्यानं ऐंशी जातींचे पक्षी जमवले, नऊ जातींचे साप जमवले. त्यात एक तपकिरी, बुटका, शेपूट जवळपास नसलेला पक्षी असा होता की तो शोधायलाही लागला नाही. जिथं जावं तिथं समोर. घोडेस्वारानं त्याच्याभोवती गोल फिरावं, दर फेरीला थोडं आत सरकावं, आणि पुरेसं जवळ पोचलं की काठीनं डोक्यात हाणावं. हवे तेवढे मारता येतात, असं त्यानं लिहिलंय. त्याहून रुळलेली रीत फासाची. लांब काठीच्या टोकाला सरकफास बांधायचा आणि गरीब स्वभावाच्या म्हाताऱ्या घोड्यावर एखादं पोर बसवायचं. ते पोर दिवसाकाठी तीस-चाळीस पक्षी आरामात धरून आणतं.

याच मुक्कामात डार्विनकडचं होकायंत्र बघून गावकरी थक्क झाले होते आणि हा माणूस रोज सकाळी तोंड का धुतो यावर गावात चर्चा झडली होती, हेही त्यानंच लिहून ठेवलंय. खुळं कोण, हे बघणाऱ्यावर असतं म्हणायचं.

तर हा नोथुरा. टिनामू नावाच्या दक्षिण अमेरिकी कुळातली ही एक प्रजाती. टिनामूंच्या साधारण सत्तेचाळीस जाती मेक्सिकोपासून पॅटागोनियापर्यंत पसरलेल्या आहेत. त्यातले बरेचसे दाट जंगलातले. नोथुरा मात्र उघड्या गवताळ रानातले. यांच्या जाती चार धरायच्या की पाच यावर पक्षीशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, कारण चाकोच्या रखरखीत प्रदेशातला नोथुरा काहींच्या मते स्वतंत्र जात, तर काहींच्या मते ठिपकेदार नोथुराचाच एक प्रकार. डार्विनला दिसले ते हे ठिपकेदार नोथुरा. पुढे १८६७ मध्ये एका फिकट रंगाच्या जातीला खुद्द डार्विनचंच नाव देण्यात आलं. ज्याला खुळा म्हटलं त्याच्याच भाऊबंदाच्या नावात तो कायमचा जाऊन बसलाय, ही गंमत मला फार आवडते.

मी हा पक्षी पाहिला तो नोकरीच्या निमित्तानं. उरुग्वेच्या राजधानीत, माँटेव्हिडिओत, भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांची कामं चालतात आणि त्यामुळे तिथं मराठी बोलणारी माणसं असतात, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. मीही त्यांतलाच. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम आणि सुट्टीच्या दिवशी एका सहकाऱ्याच्या घरच्यांबरोबर त्यांच्या शेतावर, असा क्रम पडून गेला होता. शेत माल्दोनादोच्या उत्तरेला, उताराउतारांच्या टेकड्यांवर. शेत म्हणजे आपल्या डोळ्यापुढे येतं तसं नव्हे; तारेचं कुंपण, कुंपणाच्या आत मैलभर गवत, गवतात लाल-पांढऱ्या हेरफर्ड गाई, आणि मधेच खडकांचे माथे वर आलेले. सहकाऱ्याचे वडील काखेत थर्मास आणि हातात 'माते' या तिथल्या चहासारख्या पेयाचा तुंबा घेऊन गेटशी उभे असायचे. दिवसभरात त्यांच्या काखेतला थर्मास बाजूला झालेला मी क्वचितच पाहिला.

त्या गवतात कान आधी कामाला लागतात, ते तेरोमुळे. तेरो हा उरुग्वेचा राष्ट्रीय पक्षी, आणि आपल्या टिटवीचा सख्खा चुलतभाऊ. दोघं एकाच प्रजातीतले. माणूस दिसला रे दिसला की तो असा काही बोंब मारतो की म्हसवडच्या माळावरच उभं असल्याचा भास व्हावा. डोक्यावर घिरट्या घालत, जिथं अंडी नाहीत तिथं उगाच धावपळ करत, सगळ्या रानाला बातमी देत सुटतो. या गोंगाटात नोथुरा कुठं असतो? पायाखाली. अगदी अक्षरशः. मी चालत होतो, पुढचं पाऊल टाकलं आणि बुटापासून हातभर अंतरावरचं गवत फाटल्याचा आवाज आला. पंखांचा फडफडाट, त्यातच कर्कश शिट्ट्यांची एक माळ, आणि एक गोल तपकिरी आकार कमरेच्या उंचीवरून सुसाट निघून उताराखाली गेला. थोडा वेळ पंख मारले, मग पंख ताठ धरून घसरत जाऊन पुन्हा गवतात उतरला. सगळं मिळून चार-पाच सेकंद. माझ्या छातीतली धडधड त्याहून जास्त वेळ टिकली.

काका, म्हणजे सहकाऱ्याचे वडील, हसले. म्हणाले, आता तो उतरला तिथं जाऊ नकोस, तो तिथं नसणार. उतरल्यावर पळतो. आणि दोनदा-तीनदा उडवलास तर पुढं उडणारच नाही, हातानं उचलता येईल.

हे शिकारी माणसाचं ज्ञान आहे आणि ते खरं आहे. नोथुराच्या छातीचे स्नायू भरदार असतात, कोंबडीसारखेच. उडण्याचं सगळं सामान त्याच्याकडे आहे. छातीच्या हाडाला उडणाऱ्या पक्ष्याला लागते तशी उभी कडही आहे. कमी पडतं ते काळीज. टिनामू कुळाचं हृदय शरीराच्या मानानं साऱ्या पक्ष्यांत लहान. एक किलो वजनामागे जेमतेम दोन-तीन ग्रॅम. गुंजन पक्ष्यांचं (हमिंगबर्डचं) हृदय त्यांच्या वजनाच्या मानानं याच्या दहापट भरतं. ठिपकेदार नोथुराचं वजन पाव किलोच्या आसपास, म्हणजे त्याच्या छातीत धडधडणारा गोळा एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. स्नायूंना झटका मारता येतो, पण त्यांना रक्त आणि प्राणवायू पुरवत राहणं या हृदयाला झेपत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टिनामूंना उडायला लावून हेच तपासलं गेलं: ते लवकर थकतात, प्राणवायू कमी पडला की स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट रक्तात साचतं, गेलेला दम परत यायला वेळ लागतो, अंगाचं तापमानही आवरत नाही. हृदयाची वाढही पक्ष्यांपेक्षा मगरींच्या वळणावर जाणारी दिसली. संशोधकांचा तर्क असा की दीर्घकाळ पंख मारत उडणं पक्ष्यांना जमलं ते हृदय मोठं झाल्यावर. नुसते पंख आणि स्नायू त्याला पुरेसे नव्हते.

हे वाचल्यावर डार्विनच्या गोल फिरणाऱ्या घोड्याकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. ज्याच्याकडे दोन किंवा तीन उड्डाणांचीच पुंजी आहे त्यानं ती कधी खर्च करावी? कोल्हा अजून वीस पावलांवर आहे तेव्हा? गवतावर तरंगत येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी अजून वर आहे तेव्हा? उडाला तर दिसला, आणि दिसला तर पाठलाग, आणि पाठलागात हा हरणारच. तेव्हा बसून राहायचं. अंगावरच्या काळ्या, पिवळट, पांढऱ्या रेघांवर आणि ठिपक्यांवर विश्वास ठेवून, मान खाली घालून, शत्रूचं पाऊल अंगावर पडेपर्यंत दडी मारून बसायचं. शेवटच्या क्षणी असा स्फोट करायचा की समोरचा दचकून एक क्षण गमावेल. कोल्ह्यापुढे आणि भोवत्यापुढे हा हिशेब चोख आहे. तो हुकतो ते फक्त अशा शत्रूपुढे जो सरळ अंगावर येत नाही, घाई करत नाही, आणि ज्याच्या काठीची लांबी पक्ष्याच्या अंदाजात बसत नाही. डार्विननंच एक जोड दिलीय: उत्तर अमेरिकेच्या ध्रुवीय भागातले मूळ रहिवासी ससाही असाच गोल फिरत पकडतात, आणि त्यासाठी भर दुपारची वेळ निवडतात, कारण तेव्हा शिकाऱ्याची सावली लांब पडत नाही. म्हणजे बसलेला प्राणी सगळं बघतोय, सावलीसुद्धा मोजतोय. खुळा म्हणून बसलेला नाही.

याच्या पुढची गोष्ट विल्यम हेन्री हडसननं सांगितलीय. हा १८४१ मध्ये ब्वेनोस आयरेसजवळ किल्मेसला जन्मला, पंपा नावाच्या तिथल्या गवताळ मैदानात वाढला, आणि नंतर इंग्लंडात जाऊन तिथल्या लोकांना पंपाबद्दल सांगत राहिला. १८९२ च्या एका पुस्तकात तो लिहितो की हा पक्षी हातात धरला की थोडी धडपड करतो, मग मान टाकतो, दोन-तीनदा आचके देतो आणि मरतो. निदान मेल्यासारखा दिसतो. तुम्ही पकड ढिली केली की डोळे टक्क उघडतात आणि फर्र करून तो गेलेला असतो. सोंग म्हणावं तर हडसनला तेही पुरतं पटत नाही. गाऊचोंची, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांची, पोरं घोड्यावरून याचा पाठलाग करतात तेव्हा शिरायला बीळ किंवा झुडूप मिळालं नाही तर हे पक्षी पळता पळता माळावर खरोखरच मरून पडतात, असं तो सांगतो. म्हणून हातात मान टाकणारा पक्षीही मरणाच्या अगदी दारात असावा, असा त्याचा अंदाज. हडसनला हृदयाच्या वजनाचे आकडे ठाऊक नव्हते. पण लहानपणी या पक्ष्यांमध्ये वावरलेला माणूस होता, त्यामुळे प्रयोगशाळेच्या सव्वाशे वर्षं आधी तो बरोबर जागेवर बोट ठेवून गेला. मला डार्विनपेक्षा या बाबतीत हडसन जवळचा वाटतो. एक पाहुणा होता, दुसरा घरचा.

आता त्या फासाकडे येतो, कारण माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात अफलातून तपशील तिथं दडलाय. काठीच्या टोकाचा सरकफास कशाचा असायचा? शहामृगाच्या पिसाच्या दांडीचा, असं डार्विन लिहितो. तिथलं शहामृग म्हणजे न्यांदू, दक्षिण अमेरिकेतला न उडणारा उंच पक्षी, जो आजही त्याच गवतात गाईंमधून डौलात चालताना दिसतो. आणि नोथुरा कोणाचा नातलग? कोंबडीचा नाही, तित्तराचा नाही, लाव्याचाही नाही. न्यांदूचा. शहामृग, न्यांदू, एमू, कॅसोवरी, किवी या सगळ्या खटल्यातला उडणारा सभासद म्हणजे टिनामू कुळ. टी. एच. हक्स्ली या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं १८६७ मध्ये पक्ष्यांची मांडणी तोंडातल्या टाळूच्या हाडांवरून केली तेव्हाच टिनामूची टाळू या मंडळींच्या वळणाची आहे हे दिसलं होतं. गाऊचोंच्या पोराला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही, पण तो करत होता ते नेमकं हेच: एका भाऊबंदाच्या पिसानं दुसऱ्याची मान आवळणं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

नात्याची ही भानगड पुढे आणखी रंगली. बरीच वर्षं समज असा होता की न उडणारे सगळे मोठे पक्षी एका बाजूला आणि उडणारा टिनामू दुसऱ्या बाजूला. म्हणजे उडणं एकदाच सुटलं आणि मग ते सगळे सरकत्या खंडांबरोबर वेगळे झाले. २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की टिनामूची फांदी या खटल्याच्या बाहेर नाही, आतच आहे. २०१० मध्ये त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कोण हेही पुढं आलं, आणि २०१४ मधल्या मोठ्या अभ्यासानं त्याला दुजोरा दिला: न्यूझीलंडचे मोआ. दोनशे किलोंच्या वर वजन जाणारे, ज्यांच्या सांगाड्यात पंखाचं हाडसुद्धा उरलं नव्हतं ते मोआ. म्हणजे उडणं एकदा नाही, वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळ्या वेळी सुटलेलं दिसतं, आणि टिनामूनं ते कसंबसं, एवढ्याशा काळजावर, धरून ठेवलंय. मोआंचं काय झालं? माणूस न्यूझीलंडला पोचल्यावर शे-दोनशे वर्षांत ते संपले. दोनशे किलोंचं धूड घेऊन गवतात दडी मारता येत नाही.

मोठे गेले, पाव किलोवाले राहिले. राहिले त्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते बापाशी संबंधित आहे. टिनामू कुळात अंडी उबवतो तो नर. मादी अंडी घालते आणि निघून जाते. अनेक जातींत ती एका नराकडे अंडी ठेवून दुसऱ्याकडे जाते, आणि नराच्या घरट्यातही एकापेक्षा जास्त मादींची अंडी असू शकतात. घरटं म्हणजे गवताच्या बुंध्याशी पायानं कोरलेला खळगा. त्यात तो आठवडे न् आठवडे बसतो, पोटापुरतं उठतो. पिल्लं बाहेर येतात ती धावतच. ठिपकेदार नोथुराची पिल्लं फार भराभर वाढतात. मादी काही महिन्यांतच वयात येते आणि वर्षात अनेक वेळा अंडी घालते. हृदय तोकडं, पण वीण जोरदार.

ते अंडं मी हातात घेतलेलं नाही, घ्यायचंही नव्हतं. पण काकांनी कुंपणाच्या कडेला उघड्यावर पडलेलं एक टरफल दाखवलं, बहुतेक कोल्ह्यानं फोडलेलं. टिनामूंची अंडी पक्षीजगतात प्रसिद्ध आहेत ती त्यांच्या चकाकीसाठी: हिरवी, निळी, जांभळट, आणि नोथुराची गडद तांबूस-तपकिरी. लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीवर असतो ना, तसा तो झिलईदार तपकिरी रंग. टरफलाचा तो रुपयाएवढा तुकडा तिरका धरला तर त्यात खिडकीएवढं आभाळ दिसायचं. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी या चकाकीचं मूळ शोधलं: टरफलावरचा सगळ्यात बाहेरचा थर कमालीचा गुळगुळीत असतो, त्यामुळे उजेड न पसरता आरशासारखा परततो. जो पक्षी आयुष्यभर दिसू नये म्हणून धडपडतो त्याची अंडी लांबूनही चमकावीत, हे कोडंच आहे. एक तर्क असा की इतर मादींना ती दिसावीत, म्हणजे त्यांनीही इथंच अंडी घालावीत. असेल. नर त्यावर घट्ट बसून राहतो तोवर चकाकी झाकलेलीच राहते, एवढं मात्र उघड आहे. याच्या बसून राहण्याला खुळेपणा म्हणणाऱ्यानं हे बसणंही हिशेबात धरायला हवं होतं.

घरी फोनवर हे सगळं सांगत होतो तेव्हा आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आपल्या तित्तरासारखाच की!" दिसायला हो. आमच्या माणदेशात राखी तित्तर अजूनही बांधाबांधानं ओरडताना ऐकू येतात, आणि नोथुराचं चित्र दाखवलं तर गावातलं कुणीही त्याला तित्तराची तुटक्या शेपटीची आवृत्ती म्हणेल. स्पॅनिश लोकांनीही तेच केलं. त्यांनी स्पेनमधल्या तित्तराचं नाव याला चिकटवलं, पेर्दिस. नातं काही नाही. सारखं गवत, सारखे शत्रू, सारखा धंदा, म्हणून सारखा साचा.

पण तित्तर आणि नोथुरा यांची एक खरी गाठ पडलेली आहे, आणि ती अमेरिकी सरकारच्या दप्तरात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या वन्यजीव खात्यानं ठरवलं की आपल्या शिकाऱ्यांसाठी परदेशातून नवे पक्षी आणून सोडायचे. गार्डिनर बंप नावाचे जीवशास्त्रज्ञ यासाठी देशोदेशी फिरत होते. १९६० च्या सुमारास ते भारतात होते. इथून राखी तित्तर, काळे तित्तर आणि रानकोंबडे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सोडायला गेले. त्यानंतर ते अर्जेंटिनाला वळले, आणि १९६९ मध्ये गार्डिनर आणि जेनेट बंप यांनी ठिपकेदार आणि फिकट अशा दोन नोथुरांवरचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ठिपकेदार नोथुराची इतकी बारकाईनं माहिती त्याआधी कुणी एकत्र केली नव्हती, हे बंप यांचं ऋण मानायलाच हवं. हेतू मात्र शिकारीसाठी भरताड पक्षी मिळवण्याचा होता. आपले तित्तर हवाईत रुजले आणि आज तिथल्या गोल्फच्या मैदानांवर ओरडत फिरतात. नोथुरा अमेरिकेत सोडले गेले, आणि नाहीसे झाले. गवत होतं, दाणे होते, कीटक होते. तरी जमलं नाही. एखाद्या पक्ष्याचा हिशेब त्याच्या गवताशी किती बारीक दोऱ्यांनी बांधलेला असतो हे पिंजऱ्यात मोजता येत नाही.

आणि गवत हीच आता खरी अडचण आहे. ठिपकेदार नोथुरा तसा कणखर. कुरणात, शेताच्या कडेला, तणात, कुठंही निभावून नेतो. त्याच्या सगळ्याच भावंडांचं तसं नाही. ब्राझीलच्या मध्यभागी सेराडो नावाचा विस्तीर्ण गवताळ-झुडपी पट्टा आहे. तिथला छोटा नोथुरा, जर्मन निसर्गवेत्ते स्पिक्स यांनी १८२५ मध्ये नोंदवलेला, आज धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. १९७० नंतर सेराडोत सोयाबीन आणि पेरलेली कुरणं शिरली आणि जवळपास निम्मा पट्टा रूपांतरित झाला. ॲमेझॉनचं जंगल जळालं की जगभर बातमी होते. सेराडोचं गवत नांगरलं गेलं की कुणाचं लक्षही जात नाही. उरुग्वेत १९८७ मध्ये वनीकरणाला उत्तेजन देणारा कायदा आला आणि टेकड्याच्या टेकड्या निलगिरीखाली गेल्या. झाडं लावली म्हणजे चांगलंच केलं, असा सगळ्यांचा समज. सोलापूर-नगरच्या माळरानांवर सरकारी खड्डे खणून लावलेली निलगिरी आणि ग्लिरिसिडिया ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माळढोक आणि तणमोर कुठं गेले हे विचारायचं तर माळ कुठं गेला हे आधी विचारावं लागतं, आणि कागदोपत्री तो 'पडीक' असतो. निलगिरीच्या सावलीत गवत उगवत नाही. गवत नाही तिथं दडी मारायची कशात?

काकांच्या शेताच्या पश्चिमेला अशीच एक निलगिरीची भिंत उभी आहे. तिकडच्या कुरणात पूर्वी कुत्रा दर पन्नास पावलांवर थबकायचा, असं ते सांगतात. उरुग्वेत पेर्दिसच्या शिकारीचा मोसम मे ते जुलै, म्हणजे तिथला हिवाळा. परवाना लागतो आणि एकानं किती पक्षी मारावेत याला मर्यादा असते. काकांचा कुत्रा म्हातारा झालाय, एका डोळ्यानं कमी दिसतं त्याला, पण वास आला की पुढचा पाय उचलून शेपटी ताठ करून जागच्या जागी गोठतो. दोघं समोरासमोर गोठलेले: गवतात पक्षी, गवताबाहेर कुत्रा, मधे दोन हात अंतर. मी ते एका सकाळी पाहिलं. कोण आधी हलणार? त्या दिवशी काकांनी बंदूक आणली नव्हती, मोसम संपला होता, म्हणून ते नुसते उभे राहून हसत होते. शेवटी पक्षीच हलला, उडून नाही, चालत. मान पुढे काढून, एकेक पाऊल मोजत, गवताच्या दोन बुंध्यांमधून असा सरकत गेला की काडीही हलली नाही. कुत्र्याला वासावरून कळत असावं. तो तसाच ताठ, फक्त नाक तेवढं त्या दिशेला हळूहळू वळत गेलं.

शिकारीबद्दल माझं मत काकांना ठाऊक होतं, आणि माझ्या मताबद्दल त्यांचं मत मला. आमची त्यावरून भांडणं झाली नाहीत, कारण ते ज्या बाजूला उभे आहेत ती गवताची बाजू आहे हे मला दिसत होतं. निलगिरीवाल्यांनी त्यांनाही पैसे देऊ केले होते. त्यांनी गाई ठेवल्या. आता त्या गाई गवत एका उंचीवर राखतात, आणि त्या उंचीच्या गवतात नोथुरा राहतात. त्यातले काही मोसमात काकांच्या हातून मरतात. वीण जोरदार असलेला पक्षी एवढं सहन करतो. निलगिरी मात्र तो सहन करू शकत नाही.

दुपारी जेवायला बसलो तर टेबलावर काचेची मोठी बरणी. पेर्दिसेस एन एस्काबेचे. मोसमात मारलेले पक्षी तेल, व्हिनेगर, गाजर, कांदा, तेजपान आणि अख्ख्या मिऱ्यांत मंद शिजवून असे भरून ठेवतात, ते महिनोन् महिने चालतात. स्पॅनिश परीकथा संपते तीही 'ते सुखानं नांदले आणि त्यांनी पेर्दिस खाल्ले' अशी, हे काकूंनी मला ऐकवलं आणि ताटात एक अख्खा पक्षी वाढला. मांस पांढुरकं, आंबटसर, थोडं कोरडं. चावता चावता दाताखाली काहीतरी कडक लागलं. छर्रा. मी तो काढून ताटाच्या कडेला ठेवला, तेव्हा सहकाऱ्यानं स्वतःच्या ताटाच्या कडेचे दोन दाखवले. काका म्हणाले, ज्याच्या वाट्याला जास्त येतील त्यानं भांडी घासायची, घरचा नियम आहे. आणि काकूंनी, मी पुरे म्हणत असताना, दुसरा पक्षी वाढला.